समुद्राच्या पातळीखालचा देश

श्रोतेहो, पाणी वरून खाली वाहते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण जिथे शेत खाली आणि समुद्र वर, तिथल्या शेतकऱ्याने काय करावे? असा देश युरोपच्या वायव्येला आहे. त्याचे नाव नेदरलँड्स, म्हणजेच सखल प्रदेश. आपण त्याला हॉलंडही म्हणतो. आपल्या जुन्या कागदपत्रांतले ‘वलंदेज’ ते हेच. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती.

गुरुजींनी नकाशा उघडला, तर पूर्वेला जर्मनी, दक्षिणेला बेल्जियम आणि उरलेल्या दोन बाजूंना उत्तर समुद्र दिसेल. देश केवढा? महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. लोकवस्ती मात्र सुमारे १ कोटी ८० लाख. ऱ्हाईन आणि मास या नद्या इथे समुद्राला मिळतात. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे.

मग लोक राहतात कसे? आधी भोवती बांध घालायचा. आतले पाणी चरांत गोळा करायचे, ते उपसून कालव्यात टाकायचे आणि शेवटी नदीत किंवा समुद्रात सोडायचे. अशा जमिनीला ‘पोल्डर’ म्हणतात. उपसायला पूर्वी पवनचक्क्या होत्या, पुढे वाफेची यंत्रे आली, आता विजेचे व डिझेलचे पंप आहेत. हार्लेमजवळचे मोठे सरोवर १८५२ साली असेच कोरडे केले. आज त्याच्या तळावर विमाने उतरतात!

आता राज्यकारभाराकडे वळू. एकाचा बांध फुटला की शेजाऱ्याचेही शेत बुडते. म्हणून तेराव्या शतकापासून तिथे पाणीमंडळे उभी राहिली. त्या किनाऱ्यावर जुन्या काळी रीत अशी, की ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपत नसे, त्याने बांधात कुदळ रोवून निघून जावे. जो ती उपटील, त्याची जमीन आणि त्याच्याच गळ्यात बांधाची जोखीम. आज अशी २१ मंडळे आहेत. त्यांच्या निवडणुका दर चार वर्षांनी होतात, आणि ती स्वतःचा कर बसवतात.

वरच्या पायरीवर १२ प्रांत आणि दोन सभागृहांची संसद. राजा आहे, पण कारभाराची जबाबदारी मंत्र्यांची. राजधानी अ‍ॅम्स्टरडॅम, सरकार मात्र बसते हेगला.

एवढी व्यवस्था असूनही १९५३ च्या फेब्रुवारीत पहिल्याच रात्री वादळाने नैर्ऋत्येकडचे बांध फोडले आणि १,८३६ माणसे दगावली. बांध कमकुवत आहेत, असा इशारा इंजिनियरांनी आधीच दिला होता. पण महायुद्धानंतरच्या ओढगस्तीत ते काम मागे पडले. पुढे खाड्यांच्या मुखांशी प्रचंड बांध आणि दरवाजे उभे राहिले; १९९७ पर्यंत हे काम चालले.

तरी चिंता सरलेली नाही. पाणी उपसले की तिथली कुजकट मऊ माती सुकते, आकसते आणि जमीन आणखी खचते. तिकडे समुद्राची पातळी चढते आहे. चरांत पाणी वाढवावे तर माती टिकते, पण गाईंची कुरणे चिखलतात. यावर तिथे आज वाद चालू आहे. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक आहे : बांध एकच आहे, आणि त्याच्या आत सगळेच आहेत.