नाव फाईलच्या आत



बीड जिल्ह्यातल्या माजलगावात १९९६ साली जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या.

गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी उभारलेल्या संग्रहात त्या आज सहज सापडतात,
कारण ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव आणि विषय नोंदवलेला आहे.

घरच्या संगणकावर कॅसेटवरून उतरवलेल्या भजन-भारुडांची गत निराळी असते;
तिथे ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी बिननावाची रांग लागलेली दिसते.

यावरचा उपाय म्हणजे ‘टॅग’,
अर्थात ध्वनीबरोबर फाईलच्या आतच साठवलेली चिठ्ठी,
जिच्यात शीर्षक, गायक, अल्बम, वर्ष असे रकाने असतात.

फोल्डर बदलले, पेनड्राइव्हवर उतरवले, तरी ही चिठ्ठी सोबत जाते.

म्हणून नाव फाईलच्या आत हवे.

एमपीथ्रीची पहिली टॅगपद्धतही, योगायोगाने, १९९६ सालचीच;
तिच्यात शीर्षकाला जेमतेम तीस रोमन अक्षरांची जागा होती आणि देवनागरीचा विचारच नव्हता,
त्यामुळे जुन्या प्लेअरवर मराठी नावाऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात.
‘एमपीथ्रीटॅग’ किंवा ‘पिकार्ड’ या प्रोग्रॅममध्ये मात्र देवनागरी नीट लिहिता येते.

लेखन एकसारखे ठेवावे लागते,
कारण एकदा ‘ओवी’ आणि एकदा ‘ओव्या’ लिहिले, तर संगणक ते दोन प्रकार मानतो.

अडचण उरते ती ‘अल्बम’ या रकान्याची.
तो बाजारात विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रणांसाठी घडला. दळणाऱ्या बाईला अल्बम कुठला?
तिथे गावाचे नाव घालावे,
आणि शेऱ्याच्या रकान्यात ध्वनिमुद्रण कोणाच्या घरी, कोणत्या महिन्यात झाले ते लिहावे.

पुन्हा एकदा: नाव फाईलच्या आत, आणि गाणारीचे सर्वांत आधी.