तुडतुडा आणि रानकोंबडा

पेनसिल्व्हेनियांतील लेटॉर्ट ओढ्याकांठीं व्हिन्सेंट मॅरिनॅरो नांवाचे गृहस्थ बुचकळ्यांत पडले. ट्राउट मासे वर येऊन कांहींतरी मटकावीत, पण पाण्यावर किडा म्हणून दिसेना! ओणवून पाहतात तों गवतांतले चिमुकले तुडतुडे नि मुंग्या वाहात चाललेल्या. मासा खालून पाहतो. त्यास किड्याची जाडी दिसत नाहीं, आकार तेवढा दिसतो. १९५० सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं हें मांडलें. बारीक गळास पीस गुंडाळावें, तें वरखालीं कातरावें, आणि पाठीवर नखाएवढें चकचकीत पीस आडवें बसवावें, कीं झाला तुडतुडा!

हें नखाएवढें पीस आपल्या सह्याद्रींतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचें. तो तेथेंच आरवावा, असें मला वाटतें. आतां भारतांत त्याची शिकार कायद्यानें निषिद्ध आहे. पुष्कळ गळवाले रंगविलेल्या पिसांवर भागवितात.