खेळयंत्राचा नियंत्रक आणि त्याची किंमत



ह्या टेबलावर मी दोन वस्तू मांडून ठेवल्या आहेत. एक आहे व्हिडिओ गेमचा नियंत्रक, ज्याला आपली मुले सरळ ‘कंट्रोलर’ म्हणतात. दुसराही नियंत्रकच आहे, परंतु स्क्रू काढून उघडलेला. त्याच्या पोटात पाहण्यासारखे फारसे काही नाही. एक लहानशी सर्किटची पाटी, रबराचे काही तुकडे, थरथर उत्पन्न करणाऱ्या दोन छोट्या मोटारी, अंगठ्याने फिरवावयाच्या दोन दांड्या आणि एक बॅटरी. ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या ऐवजाने गेल्या चाळीस वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब चुकविले आहेत. ते कसे, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम ह्या व्यापाराची रीत समजून घेतली पाहिजे. घरगुती खेळयंत्र, म्हणजे ‘कन्सोल’, तयार करणारी कंपनी ते यंत्र बहुधा उत्पादनखर्चाच्या आसपास विकते. कधी कधी तर तोटा सोसूनही विकते. तिची खरी प्राप्ती पुढे होते. त्या यंत्रावर चालणारा प्रत्येक खेळ विकला गेला की त्यातील काही भाग तिच्याकडे येतो. म्हणून यंत्र जितक्या अधिक घरांत शिरेल तितके चांगले, आणि त्यासाठी किंमत जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवावयाची. मग यंत्रातील प्रत्येक सुटा भाग तराजूत घातला जातो.

नियंत्रक हा मात्र इतर भागांसारखा नव्हे. यंत्राच्या आतील प्रक्रियक कोणता आहे, हे गिऱ्हाईक पाहत नाही. नियंत्रक त्याच्या हातात असतो. शिवाय खेळ रचणाऱ्याला ठाऊक असावे लागते की, प्रत्येक घरी हाच नियंत्रक आहे. येथेच उभयतोपाश निर्माण होतो. नवीन प्रकारचा महाग नियंत्रक वेगळा विकला, तर तो थोडेच लोक घेतात आणि थोड्या लोकांसाठी कोणी खेळ रचीत नाही. तो यंत्राच्या खोक्यातच घातला, तर ज्याला तो नको आहे त्यालाही त्याचे पैसे मोजावे लागतात.

जपानमधील क्योतो येथील निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १४,८०० येन किमतीला बाजारात आणले, तेव्हा हा प्रश्न तिने अगदी काटकसरी गृहिणीप्रमाणे सोडविला. दोन नियंत्रक यंत्राला कायमचे जोडून टाकले. जोडणीचे खटके नकोत, त्यांचा खर्च नको. उंच दांडीऐवजी अधिक चिन्हाच्या आकाराची चपटी कळ वापरली. गुनपेई योकोई ह्यांनी ती १९८२ मध्ये कंपनीच्या एका हातातल्या खेळासाठी योजिली होती. दुसऱ्या नियंत्रकावरील दोन कळा काढून टाकून तेथे एक छोटा ध्वनिग्राहक बसविला. परिणाम असा की, एखादी कळ बिघडली की संपूर्ण यंत्रच उघडावे लागे. आणि आरंभीच्या चौकोनी रबरी कळा अडकून बसत असल्यामुळे ही वेळ पुष्कळांवर आली. पुढे त्या जागी गोल कळा आल्या. १९८५ मध्ये हेच यंत्र नव्या रूपात अमेरिकेत गेले तेव्हा नियंत्रक काढता-घालता येण्याजोगे केले होते. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडील लहान शहरांच्या बाजारांतून ह्या यंत्राच्या ज्या नकला विकल्या गेल्या, त्यांतही नियंत्रकांना सुट्या तारा असत. तेव्हा नुसता नियंत्रक विकत आणून खेळ पुढे चालू ठेवलेली माणसे ह्या सभागृहातही असतील.

आता एकदम २००६ सालाकडे येऊ. त्याच कंपनीने ‘वी’ नावाचे यंत्र काढले. त्याचा नियंत्रक दूरचित्रवाणीच्या रिमोटसारखा. हातात धरून हलविला की पडद्यावरील खेळाडू रॅकेट फिरवी. हे जादूसारखे दिसे, परंतु त्यामागील सामग्री स्वस्त होती: हालचाल मोजणारी एक चिप आणि अवरक्त प्रकाश टिपणारा एक लहान कॅमेरा. दूरचित्रवाणीजवळ ठेवावयाची जी पट्टी ‘संवेदक’ म्हणून ओळखली जाई, तिच्यात संवेदन करणारे काहीच नव्हते. दोन टोकांना अवरक्त दिवे, इतकेच. काही हौशी लोकांनी पट्टीच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या, तरी काम भागले!

अमेरिकेत यंत्राची किंमत होती २५० डॉलर, आणि त्यात टेनिस-बोलिंगचा एक खेळही दिलेला होता. पण खोक्यात नियंत्रक एकच. चौघांच्या कुटुंबाने एकत्र खेळावयाचे ठरविले, तर आणखी तीन नियंत्रक प्रत्येकी ४० डॉलरना, आणि त्यांना जोडावयाचे उपांग प्रत्येकी २० डॉलरना. म्हणजे २५० डॉलरच्या यंत्रावर वरखर्च १८० डॉलर. खोक्यातील पहिला नियंत्रक कंपनीला भार असतो. दुसरा, तिसरा आणि चौथा हे तिचे उत्पन्न असते. त्यात गिऱ्हाइकाला फसविल्यासारखे वाटत नाही, कारण मित्र घरी आले की तो आपण होऊनच दुकानात जातो. ‘वी’ यंत्रे एकंदर १० कोटी १६ लाख विकली गेली.

ह्या यशानंतर त्याच कंपनीने २०१२ मध्ये जे केले, ते पाहून मन थक्क होते. ‘वी यू’ ह्या पुढील यंत्राच्या नियंत्रकातच ६.२ इंचांचा स्पर्श-पडदा बसविला. त्यात कॅमेरा, ध्वनिक्षेपक आणि यंत्राकडून बिनतारी चित्र क्षणार्धात ग्रहण करण्याची योजना. अमेरिकेत किंमत ३०० आणि ३५० डॉलर, आणि तीही खर्चापेक्षा कमी असल्याचे कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता ह्यांनीच सांगितले होते. येथे वरील व्यवहार उलटा झाला. हा महाग नियंत्रक प्रत्येकाला घ्यावाच लागे, आणि दुसरा घेण्याचे कारणच नव्हते, कारण दोन पडदे-नियंत्रक वापरणारे खेळ आलेच नाहीत. कंपनीच्या पदरी भार तेवढा राहिला. त्यात भर म्हणजे अनेक गिऱ्हाइकांचा समज झाला की, हे जुन्या ‘वी’ला जोडावयाचे एक उपकरण आहे. मार्च २०१४ अखेरच्या वर्षात ९० लाख यंत्रे विकली जातील अशी अपेक्षा होती. जानेवारीत ती २८ लाखांवर आणावी लागली. एकूण विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपास थांबली.

पडदा काढून यंत्र स्वस्त करा, असा सल्ला तेव्हा पुष्कळांनी दिला. इवातांनी तो मानला नाही. पडद्याचा उपयोग पटवून देणारे खेळ काढू, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा निश्चय आदरणीय होता, परंतु पुरावा त्यांच्या बाजूने नव्हता. मे २०१४ मध्ये आलेल्या ‘मारिओ कार्ट ८’ ह्या त्यांच्याच मोठ्या खेळात त्या पडद्यावर नकाशा दिसे किंवा भोंगा वाजविता येई, याहून फारसे काही नव्हते. तोच खेळ २०१७ मध्ये पुढील यंत्रावर, दुसऱ्या पडद्यावाचून, पुन्हा काढण्यात आला आणि त्याच्या ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या.

परंतु ज्या प्रकरणासाठी मी हे व्याख्यान योजिले, ते ‘किनेक्ट’चे. ते जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने ४ नोव्हेंबर २०१० रोजी ‘किनेक्ट’ विक्रीस आणले. हातात काहीच धरावयाचे नाही. कॅमेरा खेळाडूचे शरीर पाहतो, अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने अंतर मोजतो आणि शरीरच नियंत्रक होते. जुन्या ‘एक्सबॉक्स ३६०’ यंत्राला जोडावयाचे हे उपकरण १५० डॉलरना वेगळे मिळे. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग गेले. फेब्रुवारी २०१३ पर्यंत त्यांची संख्या २ कोटी ४० लाखांवर पोहोचली. हे यश कोणालाही भुलविणारेच होते. पण त्याच वेळी यंत्रांची संख्या होती ७ कोटी ६० लाख. म्हणजे तीन घरांपैकी एका घरात किनेक्ट, दोन घरांत नाही. खेळ रचणारा साहजिकच दोन घरांचा विचार करी.

मायक्रोसॉफ्टने ह्यातून जो निष्कर्ष काढला, तो तर्काच्या दृष्टीने चुकीचा नव्हता, असे माझे मत आहे. किनेक्ट सर्वांच्या घरी असेल तरच त्यासाठी चांगले खेळ निघतील, म्हणून ‘एक्सबॉक्स वन’ ह्या नव्या यंत्राबरोबर ते प्रत्येकालाच द्यावयाचे. १० जून २०१३ रोजी लॉस एंजेलिस येथे सकाळी किंमत जाहीर झाली: ४९९ डॉलर. त्याच दिवशी संध्याकाळी प्रतिस्पर्धी सोनी कंपनीने ‘प्लेस्टेशन ४’ची किंमत सांगितली: ३९९ डॉलर. सोनीचाही कॅमेरा होता; परंतु तो वेगळा, साधारण ६० डॉलरना. ज्याला हवा त्याने घ्यावा.

त्या नोव्हेंबरात दोन्ही यंत्रे बाजारात आल्यावर आयएचएस ह्या संस्थेने ती सुटी करून अंदाज बांधला. जोडणीसह एक्सबॉक्स वनचा खर्च ४७१ डॉलर, प्लेस्टेशन ४चा ३८१. फरक ९० डॉलरचा, आणि त्यांतील ७५ एकट्या किनेक्टचे. ४९९ मधून ४७१ वजा करता उरतात २८ डॉलर. त्यांतून दुकानदाराचा नफा आणि वाहतूक भागवावयाची. सोनीकडे उरत होते १८. म्हणजे जादा शंभर डॉलर घेऊन मायक्रोसॉफ्ट श्रीमंत होत होती असे नव्हे. गिऱ्हाइकाकडून घेतलेले ते पैसे जवळजवळ सर्व कॅमेऱ्यातच जात होते. त्याच अंदाजात सोनीच्या साध्या नियंत्रकाचा खर्च १८ डॉलर दिला आहे, आणि दुकानात तो ६० डॉलरना मिळे. दुसऱ्या नियंत्रकाला मी मघाशी उत्पन्न का म्हटले, ते ह्यावरून ध्यानी यावे.

ह्या व्यवहाराचा आणखी एक खर्च होता, जो पावतीवर दिसत नाही. चित्ररेखन करणाऱ्या चिपच्या शक्तीचा सुमारे दहावा हिस्सा किनेक्टसाठी आणि यंत्राच्या अन्य कामांसाठी राखून ठेवलेला असे. चित्रे काढण्यात हे यंत्र मुळातच प्रतिस्पर्ध्याहून थोडे दुबळे होते. त्यात ही कपात. किनेक्टला ढुंकूनही न पाहणाऱ्या खेळाचा कर्ता हा कर भरीत होता.

मग ऑगस्ट २०१३ मध्ये, यंत्र बाजारात येण्यापूर्वीच, एक चमत्कारिक गोष्ट घडली. घरात सदैव कॅमेरा आणि ध्वनिग्राहक जोडलेले असावेत, ही कल्पना लोकांना रुचली नव्हती. तेव्हा कंपनीने जाहीर केले की, किनेक्ट काढून ठेवले तरी यंत्र चालेल. लोकांची भीती घालविण्यासाठी हे योग्यच होते. परंतु त्या क्षणी सक्तीचा आधार नाहीसा झाला. काढून ठेवता येत असेल, तर त्याचे पैसे का मोजावे, हा प्रश्न विचारावयाला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

१३ मे २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने हार मानली. ९ जूनपासून किनेक्टविना यंत्र ३९९ डॉलरना मिळू लागले, आणि कंपनीच्याच निवेदनाप्रमाणे जून महिन्यात अमेरिकेतील विक्री मे महिन्याच्या दुपटीहून अधिक झाली. राखून ठेवलेली शक्तीही त्याच महिन्यात खेळ रचणाऱ्यांना परत मिळाली. आपल्या देशात हे यंत्र सप्टेंबर २०१४ मध्ये आले, तेव्हा वादाचा निकाल लागलेलाच होता: किनेक्टविना ३९,९९० रुपये, किनेक्टसह ४५,९९० रुपये. अमेरिकन गिऱ्हाइकाला जी निवड सहा महिने नाकारली गेली, ती भारतीय गिऱ्हाइकाला पहिल्या दिवसापासून मिळाली. उशिराने माल येण्याचा असाही एक फायदा असतो.

एवढ्यावरून सर्व दोष त्या ७५ डॉलरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जुने खेळ दुसऱ्याला विकण्यावर मायक्रोसॉफ्टने आरंभी घातलेली आणि नंतर मागे घेतलेली बंधने, प्रतिस्पर्ध्याची बलवत्तर चिप, हीही कारणे होती. किंमत समान झाल्यावरही आघाडी भरून आली नाही. प्लेस्टेशन ४ ची विक्री ११ कोटी ७० लाखांच्या घरात गेली, आणि आपली विक्री तिच्या निम्म्याहून कमी राहिली असे मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा-नियामकापुढे मान्य केले. गेलेले पहिले सहा महिने परत आले नाहीत, कारण मित्राने जे यंत्र घेतले तेच माणूस घेतो.

आणि खुद्द किनेक्टचे काय झाले? सक्ती उठताच खेळ रचणाऱ्यांची खात्रीही उठली. २०१६ च्या सुधारित यंत्रावर ते जोडण्याची जागाच नव्हती, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबल्याचे कंपनीने सांगितले. सोनीचा वेगळा विकलेला कॅमेरा मात्र २०१६ मध्ये डोळ्यांवर बांधावयाच्या पडद्यासाठी आवश्यक ठरला. ज्यांना तो खेळ हवा होता त्यांनी तेव्हा तो घेतला.

शेवटचे उदाहरण थोडक्यात. निन्टेंडोचे २०१७ मधील ‘स्विच’ हे यंत्र तेव्हा ३०० डॉलरचे होते, दोन्ही बाजूंना सुटे होणारे नियंत्रक असलेले. त्या जोडीची वेगळी किंमत तेव्हा ८० डॉलर होती. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने ‘स्विच लाइट’ काढले. त्यात नियंत्रक यंत्राच्या अंगातच घट्ट बसविलेले, दूरचित्रवाणीला जोडण्याची सोय नाही, आणि किंमत तेव्हा २०० डॉलर होती. ज्याला एकट्याने प्रवासात खेळावयाचे आहे, त्याला नको असलेल्या गोष्टींचे पैसे वगळून दिले. मात्र ह्या नियंत्रकांच्या दांड्या कालांतराने झिजून आपोआप सरकू लागतात, ही तक्रार जगभर झाली. अमेरिकेत खटले उभे राहिले, आणि जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली. सुटा नियंत्रक दुरुस्तीला पाठवून दुसऱ्याने खेळता येते. लाइटच्या मालकाला संपूर्ण यंत्रच पाठवावे लागते, जसे १९८३ च्या फॅमिकॉमच्या मालकाला करावे लागे.

हा उघडा नियंत्रक मी येथेच ठेवतो. ज्यांना तो हातात घेऊन पाहावयाचा असेल त्यांनी पुढे यावे. अंगठ्याच्या दांडीखालची ती काळी पट्टी जरा निरखून पाहा, झीज तेथेच होते. आता आपले प्रश्न घेऊ.