काच आणि हात

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळजण नाशकात घरोघरी, कचेऱ्यांत खिडक्या पुसायला जातात. काच कागदाने पुसावी की फडक्याने, असा वाद होतो. आम्ही म्हणतो, कशानेही पुसा; पण नीट पुसा.

आधी धूळ पाण्याने धुवा. धुळीत वाळूचे कण असतात. ते घासले की काचेवर ओरखडा पडतो, तो जात नाही. आमच्यातल्या एकीची अशीच मजुरी कापली गेली. फडकं चांगलं होतं, घाई नडली.

वरून खाली पुसत या. पाणी उन्हात वाळू देऊ नका. क्षाराचे पांढरे डाग राहतात. शेवटी कोपरे कोरडे करा. कोपऱ्यातच काम ओळखू येतं.

नाशिकची तांब्यापितळेची भांडी नावाजली. हातोडा सगळ्यांपाशीच असतो. नाव झालं ते तांबटाच्या हाताचं.