जुन्या वह्या रद्दीत नकोत
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मी एम.ए.ला आधुनिक इतिहास-राजकारण घेतलं, तेव्हापासून लिफ्टमध्ये एकच प्रश्न: "मग एमपीएससी का?" बघू! पण तिथे नुसत्या लढाया आणि निवडणुका नसतात हो. इंग्रजांच्या १९०४ च्या कायद्यात फक्त सहकारी पतसंस्था बसत. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही संस्था काढता येऊ लागल्या आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वतांची गृहनिर्माण संस्था झाली. २०११ च्या ९७व्या घटनादुरुस्तीने तर सहकारी संस्था स्थापणं मूलभूत हक्कांत आलं.

हे सगळं जुन्या कागदांमुळे कळतं. म्हणून कमिटीला विनंती, ऑफिसच्या रंगकामात सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या रद्दीत घालू नका. पाण्यावरून झालेली भांडणंही त्यातच आहेत. तीसुद्धा राहू देत!