शेवटचा 'नाही'

संगणकावर बातमीच्या दोन ओळी दिसतात आणि पुढे तीन टिंबं. ही कात्री चालवतो कोण?

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली वेबसाइट बांधण्याची एक चौकट उभारायला घेतली. 'जँगो' तिचं नाव. २००५ मध्ये ती सर्वांना खुली झाली. तिच्या साच्यात मजकुराच्या नावापुढे उभी रेघ ओढायची, 'ट्रंकेटवर्ड्स' हा फिल्टर, म्हणजे गाळणी, लावायची आणि शब्दांचा आकडा द्यायचा. तेवढेच शब्द पडद्यावर येतात. मूळ मजकूर शाबूत राहतो. २०१२ मध्ये अक्षरं मोजणारी 'ट्रंकेटचार्स' ही गाळणीही आली.

सोय मोठी, यात शंका नाही. पण यंत्र मोजतं, वाचत नाही. इंग्रजीत नकार बहुधा वाक्याच्या मध्येच येऊन जातो; मराठीत तो शेवटी उभा असतो. 'आरोपी दोषी नाही' या मथळ्याला दोन शब्दांची मर्यादा घाला. उरतं 'आरोपी दोषी …'. एका माणसाची अब्रू त्या टिंबांत गेली! अक्षरं मोजावीत, तर वेलांटीही स्वतंत्र मोजली जाते. 'पाणी'चं 'पाण' होऊ शकतं.

कवीही शब्द कापतो, पण काय कापलं हे त्याला ठाऊक असतं. म्हणून महत्त्वाच्या बातमीचा गोषवारा माणसानंच लिहावा. आणि टिंबं दिसली, की आपणही थांबू नये. पूर्ण बातमी उघडावी. 'नाही' कदाचित तिथंच असेल.