जुन्या वास्तू आणि सरकारचा पैसा

मंडळी, आज महालात येताना तुमच्यापैकी बरेच जण गांधी गेटाखालून आला असाल. त्याचे जुने नाव जुम्मा दरवाजा. गोंड राजा चांद सुलतान याने नागपूरला तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर. पुढे भोसले आले. त्यांचा राजवाडा १८६४ साली आगीत जळाला. राहिला तो नगारखाना.

मागच्या खेपेला एका बाईंनी विचारले, "गुरुजी, आमच्या गावची पायऱ्यांची विहीर ढासळते आहे. सरकार पैसा देत नाही का?"

देते, पण सगळ्यांना नाही. काही वास्तू केंद्र सरकारने १९५८ च्या कायद्याने आपल्या यादीत घेतल्या आहेत. काही महाराष्ट्र सरकारने घेतल्या, १९६० च्या कायद्याने. अशा वास्तूला संरक्षित स्मारक म्हणतात. तिची डागडुजी पुरातत्त्व खाते सरकारी पैशातून करते. तुमची विहीर यादीत नसेल, तर नुसती जुनी म्हणून खाते पैसा देणार नाही. आधी ग्रामसभेत ठराव करा आणि विहीर यादीत घ्या, असा अर्ज खात्याकडे पाठवा. लगेच होईल असे मात्र समजू नका.

वेळ किती लागतो, ते रायगडावर पाहा. तिथे शिवाजी महाराजांची समाधी आहे. इंग्रजी अमलात तिच्या देखभालीला सरकारने मंजूर केले वर्षाला ५ रुपये! पाच रुपयांत काय होणार? १८९५ साली टिळकांनी 'केसरी'तून हाक दिली. लोकांनी वर्गणी जमवली. तरी समाधीचे काम पुरे व्हायला १९२६ साल उजाडले. त्यात लोकांचा पैसा होता, सरकारचाही होता. आता त्याच रायगडासाठी ६०० कोटी रुपयांहून मोठा आराखडा सरकारने केला आहे.

बागेचे थोडे वेगळे आहे. आपली महाराजबाग भोसल्यांच्या वेळची. रोपे एका पावसाळ्यात लागतात. पण माळी आणि पाणी बारा महिने लागते. म्हणून बागेला पैसा मागताना पुढच्या वर्षांचा खर्चही मागावा. हे पुष्कळजण विसरतात.

आता एक गोष्ट नीट ऐका. पैसा येईपर्यंत विहिरीला सिमेंट थापू नका. जुने बांधकाम चुन्याचे असते. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती ओल आत कोंडते, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. मी शाळेत असताना आमच्या गावच्या देवळाला असेच सिमेंट लावले. वर्गणीत माझेही पैसे होते. थोड्याच वर्षांत दगडाची नक्षी झडून गेली. ती आता कितीही पैसा ओतला तरी परत येत नाही. भिंतीत पिंपळ उगवला तर तोही ओढून काढू नका, मुळाबरोबर दगड येतात. बुंधा कापा आणि मूळ मारायला जाणता माणूस बोलवा.

संरक्षित स्मारकापाशी पाटी असते. बहुतेक ती निळी असते. आजवर तुम्ही तिच्यावरून पुढे जात होता. आता तुम्हाला वाचता येते. पुढच्या बुधवारी येताना आपल्या गावाजवळ अशी पाटी आहे का, ते पाहून या. असेल तर तिच्यावरचा मजकूर वहीत उतरवून आणा.